डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटी आणि औषधांच्या चिठ्ठ्या : पुरावा काय सांगतो, कायदा कुठे थांबतो

भिलाई (छत्तीसगढ) : औषध कंपन्या डॉक्टरांना भेटवस्तू देतात, जेवणावळी घालतात, परिषदांचा प्रवासखर्च करतात आणि औषधांचे मोफत नमुने पुरवतात. या सगळ्याचा डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर परिणाम होतो का, हा प्रश्न गेल्या दीड दशकात भारतीय वैद्यक परिषद, प्राप्तिकर खाते, केंद्र सरकारचा औषधनिर्माण विभाग आणि सर्वोच्च न्यायालय अशा चार ठिकाणी चर्चिला गेला आहे. जगभरातील संशोधनाचा कौल बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. भारतातील नियमांची अंमलबजावणी मात्र अजूनही तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे.

या प्रश्नाकडे भिलाईतून पाहण्यास एक कारण आहे. पोलाद कारखान्यामुळे वसलेल्या या शहरात कारखान्याच्या कायम कामगारांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्राचा आधार आहे. कारखान्याबाहेरच्या असंघटित कामगाराला, छोट्या दुकानदाराला आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णाला बऱ्याचदा खासगी दवाखाना आणि त्याला लागून असलेले मेडिकल हाच मार्ग उरतो. त्यांच्यासाठी चिठ्ठीवरचे नाव म्हणजे थेट खिशातून जाणारी रक्कम. याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी चार दशकांपूर्वी औषधांच्या अनावश्यक वापराविरुद्ध देशात लक्षणीय ठरलेला एक प्रयोग उभा केला. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

औषधाचा बाजार वेगळा का

बहुतेक वस्तूंच्या बाजारात निवडणारा आणि पैसे देणारा एकच असतो. औषधाच्या बाबतीत निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्ण देतो आणि दिलेले औषध योग्य होते की नाही, हे पारखण्याचे साधन रुग्णापाशी नसते. म्हणूनच औषध कंपनीच्या विक्री यंत्रणेचे लक्ष ग्राहकापेक्षा डॉक्टरवर अधिक असते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात सर्वसामान्य जनतेत करण्यावर भारतात निर्बंध आहेत, त्यामुळे हे लक्ष अधिकच केंद्रित होते.

भारतातील परिस्थितीला आणखी एक पैलू आहे. येथे विकल्या जाणाऱ्या बहुतांश औषधांचे पेटंट संपलेले आहे. एकच मूळ औषध अनेक कंपन्या आपापल्या व्यापारी नावाने विकतात. औषध तेच, नाव वेगळे आणि किंमतही वेगळी. अशा बाजारात एका कंपनीची गोळी दुसरीपेक्षा सरस असल्याचे शास्त्रीय आधारावर पटवून देण्यास फारसा वाव नसतो. डॉक्टरच्या मनात आपले नाव ठसवणे हीच मग स्पर्धेची मुख्य जागा ठरते.

रुग्णाच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च नागरिकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. त्यात औषधांचा वाटा मोठा असतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारख्या आजारात दररोज, वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागते. तेथे दोन नावांच्या किमतीतील लहानसा फरकही वर्षाअखेर कुटुंबाच्या हिशेबात दिसतो.

भेट कोणत्या रूपाने येते

कंपनी आणि डॉक्टर यांच्यातील दुवा म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी, बोलीभाषेत एमआर. त्याच्याकडे भेटावयाच्या डॉक्टरांची यादी असते, विक्रीचे मासिक लक्ष्य असते आणि औषधाची माहिती देणारे सचित्र साहित्य असते. दवाखान्यातील काही मिनिटांच्या भेटीत तो औषधाचे नाव, गुण आणि मात्रा सांगतो, नमुने ठेवतो आणि पुढच्या दवाखान्याकडे जातो.

या कामाचा दुसरा भाग रुग्णाला सहसा दिसत नाही. प्रतिनिधी जवळच्या औषध दुकानांत जाऊन कोणता डॉक्टर कोणत्या नावाचे औषध किती लिहितो, याची चौकशी करतो. व्यवसायात या पद्धतीला ‘आरसीपीए’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. घाऊक विक्रेत्याकडील उचल आणि दुकानदाराकडील माहिती एकत्र केली की एखाद्या डॉक्टरवर केलेल्या खर्चाच्या बदल्यात किती विक्री झाली, याचा अंदाज बांधता येतो. परिणामच होत नसता, तर तो इतक्या काटेकोरपणे मोजण्याचे कारण कंपन्यांना राहिले नसते.

भेटींचे स्वरूप पेन, दैनंदिनी आणि दिनदर्शिकेपासून सुरू होते. पुढे जेवण, परिषदेचे नोंदणी शुल्क, विमानाचे तिकीट, हॉटेलातील मुक्काम, व्याख्यानाचे किंवा सल्ल्याचे मानधन, दवाखान्यासाठी उपकरणे आणि काही वेळा रोख रक्कम अशी तिची चढती भाजणी असते. यांतील काही गोष्टींना, उदाहरणार्थ वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांना, खरे शैक्षणिक मूल्य असू शकते. शिक्षण कुठे संपते आणि पाहुणचार कुठे सुरू होतो, हाच वादाचा मुद्दा आहे.

संशोधन काय सांगते

या विषयावरील सर्वांत भक्कम आकडेवारी अमेरिकेतून आली आहे, कारण तेथे माहिती उघड करणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्यातील तरतुदीनुसार औषध व उपकरण कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या रकमा व लाभ जाहीर करावे लागतात. सप्टेंबर २०१४ पासून ही माहिती ‘ओपन पेमेंट्स’ या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येते. संशोधकांनी ती सरकारी विमा योजनेतील चिठ्ठ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली.

२०१६ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ लाख ७९ हजारांहून अधिक डॉक्टरांचा विचार करण्यात आला. रोसुवास्टॅटिन, नेबिव्होलोल, ओल्मेसार्टन आणि डेसव्हेनलाफॅक्सिन या चार औषधांच्या प्रसारासाठी दिलेल्या लाभांपैकी सुमारे ९५ टक्के लाभ साध्या जेवणाच्या स्वरूपाचे होते आणि एका जेवणाची सरासरी किंमत २० डॉलरपेक्षा कमी होती. तरीही एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांमध्ये, जेवण न घेतलेल्यांच्या तुलनेत, त्या गटातील इतर औषधांऐवजी प्रसार केलेले औषध लिहिण्याचे शक्यता-गुणोत्तर रोसुवास्टॅटिनसाठी १.१८, ओल्मेसार्टनसाठी १.५२, नेबिव्होलोलसाठी १.७० आणि डेसव्हेनलाफॅक्सिनसाठी २.१८ इतके आढळले. जेवणांची संख्या वाढली तसे हे प्रमाणही वाढले.

स्वतंत्र अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने प्रसिद्ध केला. त्यात ३६ अभ्यास तपासण्यात आले. त्यांपैकी ३० अभ्यासांतील सर्व विश्लेषणांत कंपनीकडून मिळालेले लाभ आणि चिठ्ठ्या यांत थेट संबंध दिसला, उरलेल्या ६ अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र होते. कोणताही संबंध नाही, असे सांगणारा एकही अभ्यास त्यात नव्हता. लाभ घेणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीच्या आणि एकूणच महाग, व्यापारी नावाच्या औषधांचे प्रमाण अधिक असल्याचेही त्यात नमूद आहे.

संबंध म्हणजे कारण नव्हे, पण

या निष्कर्षांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जो डॉक्टर एखादे औषध आधीपासूनच अधिक लिहितो, त्याच्याकडेच कंपनी अधिक जाते. तसे असेल तर भेट हे कारण नसून परिणाम ठरेल. २०१६ च्या अभ्यासाच्या लेखकांनीही आपले निष्कर्ष परस्परसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, अशी मर्यादा स्पष्ट केली होती.

या आक्षेपाला उत्तर देणारे पुरावे दोन प्रकारचे आहेत. पहिला काळाच्या क्रमाचा. अफूजन्य वेदनाशामकांविषयीच्या २०१८ मधील अभ्यासात २०१४ साली कंपन्यांकडून लाभ घेतलेल्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, इतरांपेक्षा ९.३ टक्के अधिक अशा चिठ्ठ्या लिहिल्याचे दिसले. दुसरा प्रकार म्हणजे भेटी बंद केल्यावर काय होते, हे पाहण्याचा. अमेरिकेतील १९ वैद्यकीय शिक्षण केंद्रांनी वैद्यकीय प्रतिनिधींच्या भेटींवर निर्बंध घातल्यानंतरचा अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाला. निर्बंधांनंतर प्रसार केल्या जाणाऱ्या औषधांचा चिठ्ठ्यांतील वाटा सरासरी १.६७ टक्केबिंदूंनी घटला आणि प्रसार न होणाऱ्या औषधांचा वाढला. निर्बंध जेथे कडक होते, तेथे फरक अधिक ठळक होता. घट लहान वाटली तरी भेटी कमी केल्या की चिठ्ठी बदलते, ही दिशा त्यातून दिसली.

डॉक्टरांना स्वतःला हा प्रभाव जाणवत नाही, हेही संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या २००१ मधील एका अमेरिकी पाहणीत ६१ टक्के जणांनी कंपन्यांच्या प्रसाराचा आपल्यावर परिणाम होत नाही असे सांगितले. इतर डॉक्टरही तसेच अलिप्त राहतात, असे मात्र त्यांपैकी १६ टक्के जणांनाच वाटत होते. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. घेतलेल्याची परतफेड करण्याची भावना माणसाच्या स्वभावात आहे आणि ती लहान भेटीनेही जागी होते. वारंवार कानावर पडलेले नाव घाईच्या वेळी आधी आठवते. मोफत नमुना हाताशी असला की उपचाराची सुरुवात त्याच नावाने होते आणि पुढची चिठ्ठीही त्याच नावाची लिहिली जाते.

मुंबई आणि पुण्यातील अभ्यास

भारतात लाभांची सार्वजनिक नोंदवही नसल्याने अशी सांख्यिकीय पडताळणी करता येत नाही. येथील अभ्यास मुख्यतः मुलाखतींवर आधारलेले आहेत. मुंबईतील औषधप्रसाराच्या पद्धतींवरील एक अभ्यास २००७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कंपन्यांचे १५ वरिष्ठ अधिकारी, २५ औषध विक्रेते आणि २५ डॉक्टर यांच्या मुलाखती, तसेच ३६ वैद्यकीय प्रतिनिधींशी झालेल्या गटचर्चा हा त्याचा आधार होता. उत्पादक, विक्रेते आणि डॉक्टर परस्परांत नफ्याच्या वाट्यांची घासाघीस करतात आणि त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुण्यातील ‘साथी’ या संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल २०१५ मध्ये मांडला. खासगी वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांविषयी व्यवसायाच्या आतूनच उठलेला हा आवाज होता आणि त्यावर आधारलेले इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे याच संस्थेने औषध कंपन्यांच्या प्रसारपद्धती आणि त्यासंबंधीच्या आचारसंहितांची अंमलबजावणी यांवर स्वतंत्र अहवाल तयार केला. साताऱ्यातील औषधपुरवठा आणि औषधवापर यांचा डॉ. अनंत फडके यांनी केलेला अभ्यास त्याहून जुना असून तो १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आला.

महाराष्ट्रात याच्याशी नाते असलेल्या ‘कट प्रॅक्टिस’ला, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या कमिशनला, आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विधेयकाचा मसुदा तयार केला होता. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

डॉक्टरांवरील बंधने

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केले. डिसेंबर २००९ मध्ये त्यांत ६.८ हे कलम जोडण्यात आले आणि औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवाससुविधा, पाहुणचार व रोख रक्कम स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई झाली. २०१६ च्या दुरुस्तीने शिक्षेची पायरी ठरवली. १,००० ते ५,००० रुपयांच्या भेटीसाठी समज, ५,००० ते १०,००० रुपयांसाठी तीन महिने, ५०,००० रुपयांपर्यंत सहा महिने आणि एक लाखापर्यंत एक वर्ष नोंदवहीतून नाव वगळणे, तर एक लाखावरील भेटीसाठी त्याहून अधिक काळ, अशी ही उतरंड आहे. याच दुरुस्तीने या कलमाच्या कक्षेतून डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना मात्र वगळण्यात आल्या. एकट्या डॉक्टरला जे घेता येत नाही ते संघटनेच्या मार्गाने येऊ शकते, अशी टीका तेव्हा झाली.

वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. त्यांत कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या परिषदांपासून डॉक्टरांनी दूर राहावे आणि औषधे मूळ नावाने लिहावीत, अशा तरतुदी होत्या. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. औषधांच्या गुणवत्तेची सरकार हमी देत नाही तोवर मूळ नावाची सक्ती केल्यास निवड डॉक्टरकडून दुकानदाराकडे जाईल, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने नवे नियम स्थगित ठेवले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू केले.

कंपन्यांवरील बंधने

घेणाऱ्यावर बंदी आली तरी देणाऱ्याचे काय, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. औषधनिर्माण विभागाने जानेवारी २०१५ पासून लागू केलेली विपणनविषयक एकसमान संहिता ऐच्छिक होती. १२ मार्च २०२४ रोजी तिची नवी आवृत्ती जारी झाली. डॉक्टर किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक लाभाच्या भेटवस्तू देण्यास तीत मनाई आहे. परिषदांसाठी देशात किंवा परदेशात प्रवास व मुक्कामाची सोय फक्त व्याख्याता असलेल्या डॉक्टरसाठी करता येते. स्मरणवस्तूची किंमत प्रत्येकी १,००० रुपयांपेक्षा अधिक असू नये, एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला १२ पेक्षा जास्त नमुना-संच देऊ नयेत आणि नमुन्यांचे एकूण मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांपुढे जाऊ नये, अशा मर्यादा आहेत.

तक्रारींची पहिली सुनावणी मात्र औषध उत्पादकांच्या संघटनेने नेमलेल्या नीती समितीकडे होते आणि अपील औषधनिर्माण विभागाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील शिखर समितीकडे जाते. समज देणे, संघटनेतून निलंबन किंवा हकालपट्टी, खर्चाची वसुली आणि जाहीर खुलासा हे उपाय उपलब्ध आहेत. संहितेमागे स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे तीत फौजदारी शिक्षेची तरतूद नाही.

नव्या संहितेखालील पहिले मोठे प्रकरण डिसेंबर २०२४ मध्ये पुढे आले. ३० डॉक्टरांना मोनाको आणि पॅरिस येथील परिषदांसाठी नेल्याबद्दल शिखर समितीने ॲबव्ही हेल्थकेअर इंडिया या कंपनीला समज दिली. या प्रवासावर १ कोटी ९१ लाख रुपये खर्च झाल्याचे समितीच्या आदेशात नमूद होते. कराच्या अंगाने पडताळणी करण्यास प्रत्यक्ष कर मंडळाला आणि संबंधित डॉक्टरांवर कारवाई करण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगण्यात आले. एकाच व्यवहाराच्या तीन बाजूंसाठी तीन यंत्रणांकडे जावे लागते, हे या प्रकरणातून दिसून आले.

प्राप्तिकराचा मार्ग आणि सर्वोच्च न्यायालय

आजवर सर्वांत परिणामकारक ठरलेला मार्ग करकायद्यातून गेला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने डॉक्टरांना दिलेल्या अशा लाभांवरील खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करण्यास नकार दिला. एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने ‘झिंकोव्हिट’ या पूरक औषधाच्या प्रसारासाठी केलेल्या ४ कोटी ७२ लाख ९१ हजार १५९ रुपयांच्या खर्चावर वजावट मागितली होती. त्यात पाहुणचार आणि परिषद शुल्काबरोबरच सोन्याची नाणी, एलसीडी टीव्ही, फ्रिज आणि लॅपटॉप यांचा समावेश होता.

वैद्यक परिषदेचे नियम डॉक्टरांना बांधतात, कंपन्यांना नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फेटाळला. घेणे निषिद्ध असेल तर देणाऱ्यालाही त्या व्यवहाराचा करलाभ घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. या भेटी नावापुरत्या मोफत असतात, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळून अखेर रुग्णाकडूनच वसूल होतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या ३७ व्या कलमात ही भूमिका स्पष्टपणे समाविष्ट केली. १ जुलै २०२२ पासून व्यवसायातील लाभांवर वर्षाला २० हजार रुपयांपुढे १० टक्के उद्गम करकपातही लागू झाली आणि डॉक्टरांना दिलेले मोफत नमुने तिच्या कक्षेत येऊ शकतात, असे कर मंडळाने स्पष्ट केले.

वैद्यकीय प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने विपणन संहितेला कायद्याचे बळ द्यावे, यासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आहे. भेटी पोहोचवण्याचे काम ज्यांच्याकडून करून घेतले जाते, त्यांच्याच संघटनेने ही मागणी करावी, हे लक्षणीय आहे. ऑगस्ट २०२२ मधील सुनावणीत ‘डोलो ६५०’ या तापाच्या गोळीसाठी १,००० कोटी रुपये खर्च झाल्याचा मुद्दा याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी मांडला आणि न्यायालयाने विषय गंभीर असल्याचे म्हटले. एका गोळीच्या प्रसारावर इतका खर्च होणे शक्य नाही, असे सांगत कंपनीने तो आरोप नाकारला.

दल्ली राजहराचा धडा

भिलाईच्या दक्षिणेला, आजच्या बालोद जिल्ह्यात, दल्ली राजहराच्या खाणी आहेत. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ मध्ये तेथे शहीद रुग्णालय सुरू केले. १९७७ च्या पोलीस गोळीबारात मृत्युमुखी पडलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव देण्यात आले. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून इमारत उभी राहिली. डॉ. विनायक सेन, डॉ. शैबाल जाना, डॉ. पुण्यव्रत गुण यांच्यासारख्या डॉक्टरांनी तेथे काम केले. आवश्यक तेवढीच औषधे, शक्यतो मूळ नावाची, निरुपयोगी मिश्रणे आणि अनावश्यक सलाइन-इंजेक्शने टाळून, ही तेथील उपचारपद्धतीची ओळख ठरली. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय त्यानंतरही चालू राहिले.

बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेनेही हीच वाट धरली. एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ती स्थापन केली. अशा संस्थांना स्वस्त दरात मूळ नावाची औषधे पुरवण्याचे काम वडोदऱ्याच्या ‘लोकॉस्ट’ने १९८३ पासून केले आहे.

या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. औषधाची निवड करणाऱ्याचे उत्पन्न आणि मानमरातब विक्रीवर अवलंबून नसले, औषधांची यादी आधीच ठरलेली असली आणि खरेदी एकत्रित असली, तर कंपनीच्या प्रभावाला शिरकाव करण्यास जागा कमी उरते. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने आवश्यक औषधांची यादी आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली, तेव्हा त्यामागे हाच विचार होता. छत्तीसगढ सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेली श्री धन्वंतरी जेनेरिक मेडिकल स्टोअर योजना आणि केंद्राची जनऔषधी केंद्रे यांनी स्वस्त औषध उपलब्ध करून दिले आहे. परंतु चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल, तर रुग्ण तेथपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते.

रुग्णाला काय करता येते

चिठ्ठी लिहून होत असतानाच औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. २०१६ च्या दुरुस्तीनुसार मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. औषध नियमांनुसार अनुसूची ‘एच’ व ‘एक्स’मधील औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवरील औषधाऐवजी दुसरे औषध, घटक तोच असला तरी, परस्पर देण्यास दुकानदाराला मनाई आहे. म्हणून स्वस्त पर्यायाची विचारणा दुकानात नव्हे, डॉक्टरकडेच करणे उचित ठरते. अपस्मार, थायरॉइड आणि रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांत नाव बदलण्यापूर्वी डॉक्टरचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

डॉक्टरच्या वर्तनाविषयीची तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडे करता येते. छत्तीसगढमध्ये ती रायपूर येथे, तर महाराष्ट्रात मुंबई येथे आहे. कंपनीविरुद्धची तक्रार उत्पादक संघटनेच्या नीती समितीकडे पाठवावी लागते.

ज्या एका साधनामुळे इतर देशांत हा प्रश्न आकड्यांत मांडता आला, ते मात्र भारतात अद्याप नाही. कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला काय दिले, याची नोंद कर खात्याच्या फायलींत असू शकते, कंपनीच्या हिशेबवहीत असते, घाऊक विक्रेत्याच्या आणि प्रतिनिधीच्या वहीतही असते. ज्याच्या खिशातून तो खर्च वसूल होतो, त्या रुग्णाला ती पाहता येत नाही.